वाट आणि आगमन : ख्रिस्ती आगमनकाळातील अंतःकरणाच्या सिद्धतेचा इतिहास

पश्चिमेकडील ख्रिस्ती मंडळींच्या उपासनावर्षाचा आरंभ नाताळापूर्वीच्या चार रविवारांनी होतो. या काळास लॅटिनमध्ये 'आद्वेंतुस' आणि मराठीत 'आगमनकाळ' म्हणतात. २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या सात दिवसांत येणाऱ्या रविवारी तो सुरू होतो. म्हणून त्याची लांबी २२ ते २८ दिवसांपर्यंत बदलते. या अवधीत भाविकाला दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, येणाऱ्या प्रभूची प्रतीक्षा कर. दुसरी, त्याच्या स्वागतासाठी आपले अंतःकरण सिद्ध कर. या दोन आज्ञा वरवर पाहता एकरूप वाटल्या, तरी त्यांच्यात एक ताण आहे. प्रतीक्षेत कर्तृत्व येणाऱ्याकडे असते. सिद्धतेत ते प्रतीक्षा करणाऱ्याकडे येते. आगमन माणसाच्या तयारीवर अवलंबून असेल, तर ते कृपा उरत नाही. आणि अवलंबून नसेल, तर तयारीचे प्रयोजन काय, हा प्रश्न उरतो. आगमनकाळाचा सोळा शतकांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास आहे. ही उत्तरे ज्या एका प्रतिमेभोवती फिरत राहिली, ती प्रतिमा म्हणजे 'वाट'. तिचा मागोवा घेतल्यास या इतिहासातील स्थित्यंतरे पुष्कळशी स्पष्ट होतात.

१. 'आगमन' या शब्दाचा पूर्वेतिहास

'आद्वेंतुस' हा शब्द 'आद्' हा उपसर्ग आणि 'वेनिरे', म्हणजे येणे, हा धातू यांपासून झाला आहे. मराठीने त्यासाठी स्वीकारलेला 'आगमन' हा शब्द 'आ' आणि 'गम्' यांपासून सिद्ध होतो. उपसर्ग भिन्न मूळचे असले, तरी लॅटिन 'वेनिरे' आणि संस्कृत 'गम्' हे दोन्ही धातू एकाच मूळ भारोपीय धातूपासून निघालेले आहेत. मराठी प्रतिशब्द अशा रीतीने केवळ अर्थाने नव्हे, तर कुळानेही मूळ शब्दाचा आप्त ठरतो.

ख्रिस्ती मंडळीने स्वीकारण्यापूर्वी 'आद्वेंतुस' हा राजकीय व्यवहारातील शब्द होता. सम्राटाचा एखाद्या नगरात किंवा प्रांतात होणारा समारंभपूर्वक प्रवेश त्याने दर्शविला जाई. सम्राट हेड्रिअन (कारकीर्द इ. स. ११७ ते १३८) याने निरनिराळ्या प्रांतांना दिलेल्या भेटींच्या स्मरणार्थ पाडलेल्या नाण्यांवर हा शब्द कोरलेला आढळतो. ग्रीकमध्ये याच अर्थाने 'पारुसिया' हा शब्द रूढ होता, आणि नव्या करारात ख्रिस्ताच्या पुनरागमनासाठी तोच योजिला आहे. जर्मन पंडित आडोल्फ डाइसमान याने १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ईजिप्तमधील पपायरसांच्या आधारे या शब्दाची लौकिक बाजू उजेडात आणली. टॉलेमी राजांच्या काळात राजाची 'पारुसिया' ठरली, की प्रजेकडून धान्य व पैसा वसूल केला जाई. राजाचे येणे म्हणजे प्रजेवर पडणारा बोजा, असाच तिचा अनुभव होता.

हा संदर्भ ध्यानात घेतला, म्हणजे ख्रिस्ती मंडळीने केलेल्या अर्थपालटाचे महत्त्व कळते. शब्द राजाचा राहिला. परंतु येणारा मात्र गोठ्यातील गव्हाणीत ठेवलेले बालक ठरला. अशा पाहुण्यासाठी कोणती वाट सिद्ध करावयाची, हा प्रश्न त्यामुळे नव्याने उभा राहिला.

२. यशयाची वाट आणि तिचे दोन अन्वय

प्रभूची वाट सिद्ध करण्याची मूळ आज्ञा यशयाच्या ग्रंथातील चाळिसाव्या अध्यायात आहे. यरुशलेमचा पाडाव इ. स. पू. ५८७ च्या सुमारास झाला आणि यहुदी लोकांपैकी अनेकांना बाबिलोनमध्ये नेण्यात आले. कोरेश राजाने इ. स. पू. ५३९ मध्ये बाबिलोन जिंकल्यावर परतीचा मार्ग मोकळा झाला. या अध्यायाची पार्श्वभूमी ही आहे. बाबिलोन नगरीत देवतांच्या मिरवणुकीसाठी भव्य राजमार्ग होता. रोबेर्ट कोल्डेवाय याने १८९९ ते १९१७ या काळात केलेल्या उत्खननांत तो उघडकीस आला. अशा मार्गांच्या सान्निध्यात राहिलेल्या निर्वासितांना संदेष्टा ओसाड अरण्यात दुसरा एक मार्ग तयार करण्यास सांगतो, हे लक्षणीय आहे. येथे योजिलेल्या हिब्रू क्रियापदाचा अर्थ 'मोकळे करणे, अडथळे दूर करणे' असा आहे. तेव्हा काही नवे उभारण्यापेक्षा आड आलेले दूर सारणे, ही या आज्ञेतील सिद्धतेची मूळ कल्पना होय.

या वचनाच्या अन्वयाविषयी एक महत्त्वाचा भेद आहे. हिब्रू पाठातील समांतर रचना पाहता 'अरण्यात' हे पद वाट तयार करण्याच्या क्रियेशी जोडले जाते; म्हणजे वाट अरण्यात करावयाची आहे. सेप्टुअजिंट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रीक भाषांतरात, आणि त्यास अनुसरून शुभवर्तमानांत, तेच पद घोषणा करणाऱ्या वाणीशी जोडले गेले. म्हणजे वाणी अरण्यात आहे. हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. मृतसमुद्राच्या काठी कुमरान येथे १९४७ पासून सापडलेल्या हस्तलिखितांपैकी समाजनियमांच्या ग्रंथात हे वचन पहिल्या अन्वयाने घेतले आहे. तेथील व्रतस्थ समाज समजत असे, की जगापासून दूर अरण्यात जाणे हे आपले कर्तव्य आहे. आणि 'वाट तयार करणे' याचा अर्थ नियमशास्त्राचे अध्ययन, असे तो ग्रंथ स्पष्टपणे सांगतो. वाटेचे आध्यात्मिक रूपांतर ख्रिस्ती परंपरेच्या आधीच सुरू झाले होते, हे यावरून सिद्ध होते.

चारही शुभवर्तमाने हे वचन बाप्तिस्मा करणाऱ्या योहानास लावतात. त्यांपैकी लूक ते अधिक विस्ताराने देतो आणि त्यापाठोपाठ लोकांचा प्रश्न नोंदवितो, की आम्ही करावे तरी काय? योहानाची उत्तरे विलक्षण व्यावहारिक आहेत. ज्याच्यापाशी दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा अधिक वसूल करू नये. शिपायांनी कोणास लुबाडू नये आणि आपल्या वेतनात संतोष मानावा. राजाच्या आगमनासाठी प्रजेकडून वसुली होत असे, हे वर पाहिलेच. येथे राजाच्या आगमनाची तयारी म्हणून वसुली करणाऱ्यालाच हात आवरण्यास सांगितले आहे. अंतःकरणाच्या सिद्धतेचा नंतरचा सर्व विचार या प्रसंगाकडे वारंवार वळतो, तो याच कारणाने.

३. वाट अंतःकरणात शिरते

वाटेचे स्थान भूमीवरून अंतःकरणात स्पष्टपणे हलविण्याचे श्रेय ऑरिजेन (सु. १८५ ते २५४) यास द्यावे लागते. लूकच्या शुभवर्तमानावरील एका प्रवचनात तो विचारतो, की प्रभूसाठी सिद्ध करावयाची वाट दगडमातीची आहे काय? देवाचा शब्द अशा वाटेने चालत नसल्याने ती अंतःकरणातच करावी लागते, असे त्याचे उत्तर आहे. मानवी अंतःकरण हे आकाराने लहान, परंतु ग्रहणशक्तीने विशाल आहे, असेही तो प्रतिपादितो. जेरोमने या प्रवचनांचे ३९० च्या सुमारास लॅटिन भाषांतर केले आणि ही कल्पना पश्चिमेकडे स्थिर झाली.

येथे 'अंतःकरण' या शब्दाविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. हिब्रू 'लेव' हा शब्द शरीरातील हृदयाचा वाचक असला, तरी विचार, निश्चय आणि स्मरण यांचेही ते अधिष्ठान मानले जाते. आधुनिक मराठीतील 'हृदय' हा शब्द मुख्यतः भावनेकडे झुकतो. याउलट, मन, बुद्धी, अहंकार आणि चित्त यांना सामावून घेणारी 'अंतःकरण' ही भारतीय दर्शनांतील संज्ञा 'लेव'च्या व्याप्तीला अधिक जवळची आहे. आगमनकाळात जे सिद्ध करावयाचे, ते केवळ भावनेचे आर्द्रपण नसून निर्णय घेणारी सबंध अंतःशक्ती होय, हे या संज्ञेमुळे निसटत नाही.

'मेतानोइया' या ग्रीक शब्दाची कथा अशीच उद्बोधक आहे. त्याचा अर्थ मनाचा पालट. त्यामागे असलेली हिब्रू कल्पना 'शूव', म्हणजे मागे फिरणे, परतणे, अशी आहे. म्हणजे येथेही वाटेचीच प्रतिमा आहे. लॅटिन भाषांतरात त्यास प्रायश्चित्त करण्याचा अर्थ आला. पंधराव्या शतकात लोरेंत्सो वाल्ला याने या भाषांतराची चिकित्सा केली. इरॅस्मसने त्याची टिपणे १५०५ मध्ये छापली. आणि १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने आपल्या पहिल्याच प्रबंधवाक्यात हा पालट आयुष्यभराचा असल्याचे मांडले. मराठी बायबलात रूढ झालेला 'पश्चात्ताप' हा शब्द मागाहून होणारा ताप दर्शवितो. त्याची दृष्टी झालेल्या गोष्टीकडे आहे. 'शूव'मध्ये मात्र परतून चालू लागण्याची क्रिया आहे.

४. उपवास, मंडळी आणि एकांत

आगमनकाळाचे बाह्य रूप चौथ्या शतकापासून दिसू लागते. स्पेनमधील सारागोसा येथे ३८० च्या सुमारास भरलेल्या धर्मसभेने १७ डिसेंबरपासून ६ जानेवारीपर्यंतच्या २१ दिवसांत कोणीही उपासनामंदिरापासून दूर राहू नये, असा नियम केला. घरात दडून बसणे, शेतवाडीवर किंवा डोंगरात जाणे, अनवाणी हिंडणे यांचाही तीत निषेध आहे. प्रिसिलिअनच्या अनुयायांच्या वैयक्तिक तपश्चर्येविषयी बिशपांना वाटणारा संशय त्यामागे होता. नियमात आगमनकाळाचे नाव नाही. तथापि तयारी एकट्याने करावयाची की मंडळीत, हा वाद त्यातून स्पष्ट होतो. कुमरानच्या समाजाने अरण्य निवडले होते. सारागोसाच्या सभेने त्याच अरण्याकडे जाणारी वाट अडविली.

गॉलमध्ये उपवासाचा क्रम रूढ झाला. तूरचा बिशप पर्पेतुस (मृत्यू सु. ४९०) याने संत मार्टिनच्या दिवसापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळापर्यंत आठवड्यातून तीन उपवास नेमून दिल्याचे तूरचा ग्रेगरी सांगतो. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात माकों येथील सभेने सोमवार, बुधवार व शुक्रवार हे वार त्यासाठी निश्चित केले. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स मंडळींत १५ नोव्हेंबरपासून चाळीस दिवसांचा उपवास आजही पाळला जातो.

रोममधील प्रवाह निराळा होता. लिओ (कारकीर्द ४४० ते ४६१) याने डिसेंबरच्या उपवासावर दिलेल्या प्रवचनांत धान्याची सुगी आटोपल्यावर गरिबांना वाटा देण्यावर भर आहे. उपवासात वाचलेले अन्न भुकेल्याच्या मुखी पडले नाही, तर त्यास अर्थ नाही, ही त्याची भूमिका योहानाच्या दोन अंगरख्यांशी सरळ जुळते. थोर ग्रेगरीच्या काळापर्यंत (५९० ते ६०४) रोममध्ये नाताळपूर्व रविवारांची उपासना आकारास आली. मिलानच्या अँब्रोशियन परंपरेत सहा रविवारांचा क्रम राहिला. रोमचा चार रविवारांचा क्रम पुढे सार्वत्रिक झाला. गॉलचा प्रायश्चित्ताचा सूर आणि रोमचा प्रतीक्षेचा सूर यांचा मध्ययुगात संगम झाला. जांभळी वस्त्रे आली, 'ग्लोरिया' हे गीत वगळले गेले. परंतु 'आलेलुया' मात्र राहिले. उपासकालात ते वगळतात, आगमनकाळात नाही. या लहानशा भेदात त्या काळाचे संमिश्र स्वरूप नोंदलेले आहे.

५. बर्नार्डची मधली वाट

सिद्धता आणि कृपा यांमधील ताणाचे सर्वांत समर्पक उत्तर क्लेअरव्होचा बर्नार्ड (१०९० ते ११५३) याने दिले. तोपर्यंत ख्रिस्ताची दोन आगमने सांगितली जात : एक देहधारणेचे, दुसरे युगान्ताचे. बर्नार्डने आगमनकाळावरील प्रवचनांत त्यांच्या मधले तिसरे आगमन सांगितले. पहिले दुर्बल देहात आणि शेवटचे वैभवात होते; मधले मात्र गुप्तपणे भाविकाच्या अंतःकरणात घडते. या मधल्या आगमनास त्याने वाटेची उपमा दिली. पहिल्यापासून शेवटच्या आगमनापर्यंत जाण्याची ती वाट आहे. येथे प्रतिमेचा अर्थ पूर्णपणे पालटला. यशयात वाट माणसाने करावयाची होती. बर्नार्डच्या विवेचनात आगमन हीच वाट झाली. माणूस अडथळे दूर करतो. पण ज्या वाटेने तो चालतो, ती त्याने निर्माण केलेली नसते.

नाताळापूर्वी १७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळी गाइल्या जाणाऱ्या संबोधनपर पालुपदांतही हीच भूमिका आहे. नवव्या शतकातील अमालारिउसने त्यांचे विवेचन केले आहे. प्रत्येकात येणाऱ्यास एका उपाधीने हाक मारून 'ये' अशी याचना केलेली असते. या सात उपाध्यांची लॅटिन आद्याक्षरे शेवटाकडून वाचली असता 'उद्या मी येईन' अशा अर्थाचे दोन शब्द होतात. ही रचना हेतुपूर्वक केलेली असो वा नसो, याचना माणसाची आणि उत्तर येणाऱ्याचे, हा संबंध तीत व्यक्त झाला आहे.

अर्वाचीन काळातील दोन घटनांचा निर्देश पुरेसा आहे. हांबुर्ग येथे निराधार मुलांसाठी १८३३ मध्ये आश्रम काढणारा योहान हिनरिश विखेर्न याने १८३९ मध्ये एका लाकडी चक्रावर मेणबत्त्या लावून मुलांना नाताळापर्यंतचे दिवस मोजावयास शिकविले. आजच्या आगमन-चक्राचा उगम तेथे आहे. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ मध्ये प्रसृत झालेल्या रोमन नियमांत आगमनकाळाचे वर्णन भक्तिपूर्ण व आनंदमय प्रतीक्षेचा काळ असे करण्यात आले. प्रायश्चित्ताचा सूर मागे पडून प्रतीक्षेचा सूर पुन्हा वर आला.

६. मराठीतील संक्रमण

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आला. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये साष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे 'पैले' आणि 'दुसरे' असे दोन भाग असून त्यांत अनुक्रमे ३६ आणि ५९ अवस्वरू आहेत. पहिल्या भागात विश्वोत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा आहे; तारणाऱ्याचा जन्म दुसऱ्या भागाची वाट पाहतो. श्रोत्याला जन्मकथेपर्यंत पोचण्यापूर्वी ग्रंथाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग प्रतीक्षेत काढावा लागतो. ग्रंथाचे नाव आगमनकाळाशी जोडलेले नसले, तरी त्याची बांधणी आगमनकाळाची आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनांनी बायबलाची मराठी भाषांतरे केली. कॅरीच्या सीरामपूर मंडळींनी १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान व १८११ मध्ये नवा करार छापला. मुंबईच्या अमेरिकन मिशनचा नवा करार १८२६ मध्ये पूर्ण झाला. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक पाठांवरून केलेले समग्र भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये केडगाव येथील मुक्तिसदनातून प्रसिद्ध झाले. नारायण वामन टिळक (मृत्यू १९१९) यांनी अभंग आणि ओवी ही छंदरूपे ख्रिस्ती भक्तीसाठी योजून वारकरी परंपरेतील भेटीच्या ओढीची भाषा मंडळीच्या उपासनेत आणली.

या ओढीचा विचार करता एक भेद दिसतो. पंढरीच्या वारीत देव विटेवर उभा राहून भक्ताची प्रतीक्षा करतो आणि भक्त वाट चालतो. आगमनकाळात देव येतो आणि भक्त त्याची प्रतीक्षा करतो. दिशा उलट आहेत; परंतु दोहोंतही वाट हीच भेटीची जागा आहे. मराठी भाषेने हा संबंध आपल्या नित्य वाक्प्रचारातच जपून ठेवला आहे. संस्कृत 'वर्त्मन्' पासून प्राकृतद्वारा आलेल्या 'वाट' या शब्दाने मराठी माणूस रस्ता दाखवितो आणि 'वाट पाहणे' म्हणून प्रतीक्षाही सांगतो. लॅटिन आणि ग्रीक यांत प्रतीक्षेचे क्रियापद निराळे आणि मार्गाचे नाम निराळे आहे. म्हणून यशयाची आज्ञा आणि आगमनकाळाची प्रतीक्षा यांना जोडण्यासाठी तेथे भाष्यकार लागला. मराठीत ती जोडणी शब्दानेच केलेली आहे.

तात्पर्य, आगमनकाळातील सिद्धतेचा अर्थ तीन अवस्थांतून गेला आहे. प्रथम ती राजासाठी केलेली भूमीवरील वाट होती. नंतर ती अंतःकरणातील अडथळे दूर करणे झाली. आणि शेवटी येणाऱ्यानेच दिलेल्या वाटेवर चालणे, असा तिचा अर्थ स्थिरावला. या तिन्ही अवस्थांत योहानाने जकातदाराला दिलेले उत्तर मात्र बदलले नाही. ज्याची वाट पाहावयाची, त्याच्या वाटेत आपणच उभे तर नाही ना, हे तपासणे एवढेच अंतःकरणाच्या सिद्धतेत माणसाच्या हाती राहते; आणि उपवास, उपासना, दीप व दिनगणना ही सर्व साधने त्या तपासणीपुरतीच अर्थपूर्ण ठरतात.